लग्नघरातला छोटा कॅमेरा

दापोलीहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. डिसेंबरात त्यांच्या मुलीचा निकाह आहे. मर्दानी बाजूला फोटोग्राफर ठरला आहे. पण बायकांकडचे फोटो घरातल्याच मुलीने काढावेत आणि ते कुणाच्या मोबाईलमध्ये फिरू नयेत, असे नवरी आणि तिची नानी या दोघींचेही म्हणणे आहे. दोह्याला नोकरीला असलेला भाचा तिकडून कॅमेरा आणतो म्हणतो. गावातला दुकानदार जुना स्वस्तात देतो म्हणतो. 'भरवशाचा कोणता ते सांगा', एवढेच त्या विचारतात.

प्रश्न साधा आहे, पण आज त्याचे उत्तर पंधरा वर्षांपूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. २०१० साली जगभरात असे छोटे कॅमेरे जवळपास ११ कोटी विकायला निघाले होते. २०२३ मध्ये तो आकडा २० लाखांच्याही आत आला. मोबाईलने तो बाजार खाल्ला. कॅसिओने २०१८ मध्ये हा धंदा सोडला, ऑलिंपसने २०२१ च्या सुरुवातीला आपला कॅमेरा विभागच विकला. म्हणजे दुकानात जे दिसते त्यात नवे थोडे आणि जुने फार. त्यात कॉलेजच्या मुलामुलींना जुन्या 'डिजिकॅम'ची हौस लागल्यामुळे, काल भंगारात जाणारा माल आज भाव खातो आहे. हौस म्हणून ठीक आहे. निकाह मात्र एकदाच होतो, तिथे हौसेचा माल चालत नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. साधा छोटा कॅमेरा मोबाईलपेक्षा चांगले फोटो काढतोच असे नाही. रात्रीच्या हॉलमध्ये, मंद दिव्यात, आजचा मध्यम किमतीचा मोबाईल बहुतेक वेळा त्याला मागे टाकतो. कारण साध्या कॅमेऱ्यातला सेन्सर, म्हणजे प्रकाश झेलणारा तुकडा, जेमतेम ६ बाय ४.५ मिलिमीटरचा असतो. 'एक इंची' म्हणून जो सेन्सर ओळखला जातो तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो, म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे चौपट. फरक पडतो तो इथे. मेगापिक्सेलच्या आकड्यावर जाऊ नका. अल्बमातल्या ८ बाय १० इंची फोटोला सात-साडेसात मेगापिक्सेल पुरतात, आणि तेवढे सगळ्यांकडे असतात. दुसरा पाहायचा आकडा लेन्सच्या कड्यावर छापलेला असतो. १.८ किंवा २ ने सुरू होणारी लेन्स ३.५ ने सुरू होणाऱ्या लेन्सपेक्षा तिप्पट-चौपट प्रकाश आत घेते. वीस पट, तीस पट झूम लग्नघरात काय करायचा? फ्लॅशही अशा कॅमेऱ्यांत तीन-चार मीटरपलीकडे पोचत नाही. तेव्हा फोटो काढणाऱ्या मुलीला जवळ जाऊनच काढायला सांगा.

एक इंची सेन्सर आणि १.८ ची लेन्स खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यात सोनीने २०१२ मध्ये आरएक्स१०० या नावाने आणली, कॅननने २०१४ मध्ये जी७ एक्स काढला. या दोन्ही घराण्यांतले पहिले-दुसरे मॉडेल चांगल्या अवस्थेत मिळाले, तर आपल्या भगिनींनी ते घ्यावे असे माझे मत आहे. तेवढे बजेट नसेल, तर दहा-पंधरा वर्षे जुन्या साध्या कॅमेऱ्यापेक्षा नवा साधा, भारतातल्या वॉरंटीचा घ्यावा. कोडॅकच्या नावाने आज जे छोटे कॅमेरे मिळतात, ते जुनी कोडॅक कंपनी बनवत नाही, नाव वापरण्याचा परवाना घेतलेली दुसरी कंपनी बनवते. वाईट असतात असे नाही, पण नाव पाहून जादा पैसे मोजू नका.

आता भरवशाचे. छोटा कॅमेरा बहुधा लेन्सने मरतो. चालू केला की नळकांडे बाहेर येते, बंद केला की आत जाते. त्यात बारीक दातेरी चाके आणि नाजूक मोटर असते. वाळूचा एक कण अडकला किंवा लेन्स बाहेर असताना धक्का बसला, की पडद्यावर 'लेन्स एरर' येतो आणि खेळ संपतो. मुरुड-हर्णैच्या किनाऱ्यावर नेलेला कॅमेरा विकत घेताना म्हणूनच दहादा विचार करावा. दुकानात तो दहा वेळा चालू-बंद करा. आवाज एकसारखा यायला हवा. करकर आली, मध्ये अडखळला, नळकांडे एका बाजूला कललेले दिसले, तर खाली ठेवा, किंमत विचारूसुद्धा नका.

मग पांढऱ्या भिंतीचा एक फोटो झूम करून काढा. त्यात राखाडी डाग दिसले तर आत धूळ गेली आहे. ती बाहेरून पुसून निघत नाही. मोबाईलचा टॉर्च तिरपा धरून लेन्समध्ये पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. कोकणात आणि मुंबईत हा रोग फार. बॅटरी काढून सपाट टेबलावर ठेवा आणि बोटाने फिरवा. गरगर फिरली तर पोट फुगलेले आहे, ती वापरू नये. बॅटरीच्या झाकणाची प्लास्टिकची कडी तुटकी नाही ना, हेही बघा. रबर बँड लावून चालणारे कॅमेरे मी लग्नांत पाहिले आहेत आणि ऐन वेळी ते उघडतातच. फ्लॅश सात-आठ वेळा उडवून पाहा. तारीख-वेळ लावा, बॅटरी पाच मिनिटे काढून परत घाला. तारीख टिकली नाही तर कॅमेरा बिघडला असे नाही, पण लग्नाच्या दिवशी बॅटरी बदलल्यावर प्रत्येक वेळी ती लावायला लागेल.

फार जुन्या कॅमेऱ्यांबद्दल एक गोष्ट आपल्या हवेशी संबंधित आहे, म्हणून सांगतो. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये सोनीने बनवलेल्या काही सीसीडी सेन्सरमधला दोष जाहीर झाला. हे सेन्सर कॅनन, निकॉन, ऑलिंपस, फुजी अशा कितीतरी कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत बसवलेले होते. उष्ण आणि दमट हवेत त्यांच्या आतले जोड निकामी होत आणि चित्र विस्कटून किंवा काळे येई. कंपन्यांनी तेव्हा ते फुकट बदलून दिले. आज कोण बदलून देणार? २००३-०४ च्या सुमाराचा कॅमेरा त्यामुळे कुणी भेट दिला तरी त्याच्यावर लग्न सोपवू नका.

दुसरी अडचण कार्डाची. जुने कॅमेरे कधी एक्सडी कार्ड मागतात, सोनीचे जुने मेमरी स्टिक मागतात. ही कार्डे आता शोधत फिरावे लागते. एसडी कार्डाचा कॅमेरासुद्धा फार जुना असेल तर दोन जीबीपर्यंतचेच कार्ड ओळखतो. त्यानंतरच्या पिढीचा ३२ जीबीपर्यंत ओळखतो, आणि त्यात ६४ चे घातले तर 'कार्ड एरर' म्हणतो. घेण्याआधी आपले कार्ड त्यात घालून फोटो काढा आणि तेच कार्ड संगणकावर उघडून पाहा. फुटपाथवरचे स्वस्त कार्ड घेऊच नका. वर ६४ लिहिलेले आणि आत ८ असलेले कार्ड हा सर्रास चालणारा धंदा आहे, आणि तो कळतो तो अर्धे फोटो गेल्यावर. बॅटरीचेही तसेच. त्या मॉडेलची दुसरी बॅटरी मिळत असेल तरच कॅमेरा घ्या, आणि दोन ठेवा. पेन्सिल सेलवर चालणारा मिळाला तर तेवढी एक काळजी कमी.

भाच्याच्या कॅमेऱ्याचे काय? आणू द्या, पण तिकडची वॉरंटी इकडे चालते का ते गॅरंटी कार्डावर आधी वाचायला सांगा. बहुतेकदा चालत नाही. चार्जरवर '१००-२४० व्होल्ट' लिहिलेले असेल तर वीज ठीक आहे, फक्त कतारची चौकोनी तीन पिन आपल्या बोर्डात बसत नाही, तिला अडॅप्टर लागेल. सेकंडहँड बाजारात जपानहून आलेला मालही बराच असतो. जपानी बाजारासाठीच्या सोनीच्या अनेक कॅमेऱ्यांत मेनू फक्त जपानीत असतो, तो बदलता येत नाही. मुंबईला जाणे होणार असेल तर सीएसएमटीजवळच्या बोरा बाजारच्या परिसरात कॅमेऱ्यांची दुकाने ओळीने आहेत. दोन-चार ठिकाणी हातात घेऊन पाहता येतो. पक्के बिल मागा, त्यावर कॅमेऱ्याचा सीरियल नंबर लिहून घ्या.

निकाहच्या आधी महिनाभर तरी कॅमेरा घरात यावा. रोज दहा-वीस फोटो काढून हात बसवावा. एसी हॉलमधून एकदम बाहेर आल्यावर लेन्सवर वाफ धरते. पुसू नका, बॅगेत पंधरा-वीस मिनिटे राहू द्या. पावसाळ्यात चामड्याच्या पाकिटात किंवा कपड्यांच्या कपाटात ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा, बॅटरी बाहेर काढून. पुडीतले निळे खडे गुलाबी झाले की नवी पुडी घाला. ते स्वयंपाकाच्या तव्यावर भाजून परत वापरण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्या निळ्या रंगातले रसायन पोटात जाणे बरे नाही.

राहिला पत्रातला खरा मुद्दा, फोटो घरात ठेवण्याचा. नव्या कॅमेऱ्यांत वाय-फाय, ब्लूटूथ असते, ते मेनूतून बंद करून ठेवा. कार्ड एकाच जबाबदार बाईच्या ताब्यात असावे. त्याच रात्री फोटो संगणकावर उतरवा, दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर करून नानीच्या घरी ठेवा, आणि दोन्ही उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नका. हे झाले नाही तर मोबाईलपासून वाचवलेले फोटो एका नखाएवढ्या तुकड्याबरोबर हरवतील. पुसलेले फोटो परत काढता येतात, हेही लक्षात ठेवा. पुढे कधी कॅमेरा विकाल किंवा कुणाला द्याल तेव्हा कार्ड काढून घ्या. बऱ्याच कॅमेऱ्यांना आतही थोडी स्मृती असते आणि कार्ड नसताना काढलेले फोटो तिथे बसतात. कार्ड काढून एकदा प्ले बटण दाबले की काय उरले आहे ते दिसते.