कपाटावरचा तबला

दहावीचं वर्ष उजाडलं, की घरात पहिली कुऱ्हाड कोसळते ती गाण्याच्या किंवा तबल्याच्या क्लासवर. ‘आधी मार्क, मग संगीत’ असं बजावून तबला-डग्गा कपाटावर चढवला जातो. पण त्याबरोबर मुलाची शिकण्याची एक चांगली सवयही कपाटावर जाते, हे फार थोड्या पालकांच्या लक्षात येतं.

संगीताची ओढ असलेलं मूल शिकतं कसं? ते आधी ऐकतं, मग तोंडाने बोल म्हणतं आणि नंतर हाताने वाजवतं. अवघड बोल आधी ठाय लयीत बसवतं, मग दुगुण, मग चौगुण. हात जिथे अडखळतो, तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा घोटतं. मनात हिशेबही चालू असतो. तीनतालाच्या मात्रा १६. समेपासून तिहाई धरली, ५ मात्रांचा तुकडा ३ वेळा वाजवला आणि मध्ये दोनदा एकेक मात्रा सोडली, तर बेरीज होते १७; म्हणजे शेवटचा ‘धा’ बरोबर पुढच्या समेवर!

मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ साली संगीताची समज ही स्वतंत्र बुद्धिमत्ता मानली. पुढे १९९३ मध्ये अमेरिकेत ३६ कॉलेज विद्यार्थ्यांना मोझार्टचं संगीत ऐकवून एक प्रयोग झाला आणि संगीत ऐकलं की मुलं हुशार होतात, अशी समजूत जगभर पसरली. प्रत्यक्षात तो परिणाम जेमतेम १०-१५ मिनिटं टिकला होता. तेव्हा तबला शिकल्याने गणितात पैकीच्या पैकी मार्क मिळतील, अशी आशा धरू नये.

मात्र रियाजाची पद्धत अभ्यासाला लावता येते. ती आपोआप लागत नाही, दाखवून द्यावी लागते. ‘‘प्रमेय अडलं? मग बोल अडल्यावर काय करतोस, तेच कर. अडलेली पायरीच धर आणि सावकाश सोडव,’’ एवढं आईने म्हटलं, तरी मुलाला वाट सापडते.

परीक्षेच्या वर्षात क्लासचे दिवस कमी करा, रियाज अर्ध्या तासावर आणा, पण तबला खालीच राहू द्या. दहावी वर्षभरात संपते. सुटलेला हात पुन्हा बसवायला मात्र फार दिवस लागतात.