गाडी उलाळ झाली होती...

आधी एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी हा विषय मी ‘थर्ड लँग्वेज’ म्हणून कसाबसा काढला. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर संपादकांना बोलू नका, मला बोला. मग मराठी विभागात लिहायचा आगाऊपणा कशाला? कारण या लेखाच्या मुळाशी एक मराठी शब्द आहे. तो मला माहीत नव्हता, माझ्या आजीला माहीत होता. तिने तो वेळेवर उच्चारला असता, किंवा मी माझं तोंड वेळेवर उघडलं असतं, तर त्या शनिवारी आमच्या पाच जणांचा जीव टांगणीला लागला नसता.

तर झालं असं...

२०२४ च्या जूनमध्ये मी आणि आजी काकांकडे अमेरिकेला गेलो होतो. काका ओहायो राज्यात, कोलंबस शहराजवळ राहतात. तिकडे उन्हाळ्यात वीकएंड आला की लोक गाडीच्या मागे चक्क एक घर जोडून निघतात. त्याला म्हणतात ट्रॅव्हल ट्रेलर. आत पलंग, गॅस, फ्रीज, एसी, संडास-बाथरूम सगळं असतं. इंजिन तेवढं नसतं, पुढच्या गाडीने ओढायचं. शेजारच्या इंडियानामधलं एल्कहार्ट हे शहर म्हणजे या धंद्याची राजधानीच, आणि ते चकचकीत चंदेरी ‘एअरस्ट्रीम’ ट्रेलर तर ओहायोतच, जॅक्सन सेंटर नावाच्या छोट्या गावात बनतात. काकांनी असाच एक साधा, सेकंडहँड ट्रेलर घेतला होता. आजीने त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाली, “म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर!”

बेत होता हॉकिंग हिल्सचा. वालुकाश्माच्या मोठमोठ्या कपारी, झाडी, छोटे धबधबे. कोलंबसहून साधारण तासा-सव्वातासाचा रस्ता. ट्रेलरच्या आधीच्या मालकाने जाताना काकांना हाताने लिहिलेली एक चेकलिस्ट दिली होती. काकांनी ती ड्रॉवरमध्ये टाकली. “अगं, मी इंजिनिअर आहे!” हे वाक्य लक्षात ठेवा. आपल्यापैकी प्रत्येक जण दोन-तीन वर्षांत ते बोलायला लागणार आहे.

शुक्रवारी संध्याकाळी सामान भरणं सुरू झालं. मागचा कप्पा उघडायला सोयीचा, म्हणून खुर्च्या, कोळशाची शेगडी, पाण्याचे क्रेट, तांदूळ, कुकर सगळं मागे. मागच्या बंपरवर रॅक लावून चार सायकली. कॅम्पवर पाणी कसं असेल या काळजीने काकूंनी पाण्याची टाकी काठोकाठ भरायला लावली, आणि ती टाकीही चाकांच्या मागेच. मी बाजूला उभी राहून बघत होते. फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समध्ये आपण सगळ्यांनी केलेलं गणित डोळ्यांसमोर आलं: अ‍ॅक्सलभोवती मोमेंट घ्या. मागे वजन वाढलं की पुढच्या जोडावरचा, म्हणजे हिचवरचा भार कमी होणार.

करूनच बघूया. रिकामा ट्रेलर १७०० किलोचा, हिचवर भार २२० किलो. हिच अ‍ॅक्सलच्या पुढे ५ मीटर. सायकली आणि रॅक ७० किलो, अ‍ॅक्सलच्या मागे ३ मीटर: भार कमी झाला ४२ किलो. पाणी १५० लिटर, १ मीटर मागे: ३० किलो. मागचा कप्पा १०० किलो, अडीच मीटर मागे: ५० किलो. उरले फक्त ९८ किलो. एकूण वजन आता २०२० किलो, म्हणजे पाच टक्क्यांहूनही कमी. ट्रॅव्हल ट्रेलरसाठी हा भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा, असं तिकडच्या कुठल्याही मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. हे आकडे मी नंतर मांडले, पण दिशा मला तेव्हाच कळली होती.

मग बोलले का नाही? काका बावीस वर्षं तिकडे गाडी चालवतायत. मी पाहुणी. माझ्याकडे साधं लायसन्सही नाही. उगाच शहाणपणा कशाला करायचा? मी मनातल्या मनात मोमेंट घेतला आणि तोंड मिटलं. आजीही तिथेच उभी होती. तिने ट्रेलरच्या पुढच्या दांड्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग म्हणाली, “चला, चहा टाकते.” ट्रेलर जोडताना पुढचं टोक अगदी अलगद हललं. काका खूश. “बघ, किती हलका आहे!”

शनिवारी सकाळी निघालो. रूट ३३ वर लँकेस्टर मागे पडल्यावर टेकड्या सुरू होतात. उतार होता, वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास. डावीकडून एक मोठा ट्रक पुढे गेला आणि त्याच्या हवेच्या झोताने आमचा ट्रेलर हलला. एकदा डावीकडे, मग उजवीकडे, मग त्याहून जास्त डावीकडे. कंट्रोल सिस्टिम्सच्या भाषेत सांगायचं तर डॅम्पिंग संपलं, प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. आमची गाडीही त्याच्याबरोबर लेनमध्ये नाचायला लागली. काकूंच्या तोंडून आवाज फुटेना. काकांचा पाय ब्रेकवर गेला.

आणि मागच्या सीटवरून काकांचा अकरा वर्षांचा मुलगा, ज्याला आम्ही पिल्लू म्हणतो, जिवाच्या आकांताने ओरडला, “बाबा, डोन्ट ब्रेक! लिव्हर, तो लिव्हर दाब!”

स्टिअरिंगखाली ट्रेलरच्या ब्रेकचा एक छोटा कंट्रोलर असतो. ट्रेलर घ्यायला गेले तेव्हा जुन्या मालकाने सगळं समजावून सांगितलं होतं. तेव्हा काका किमतीचा विचार करत होते, पिल्लू मात्र कान देऊन ऐकत होतं. पुढच्या गाडीने जोरात ब्रेक मारला की मागचं दोन टनांचं धूड तिला ढकलत येतं, आणि ते तिरकं असेल तर आडवंच होतं. उलट स्टिअरिंग सरळ धरून, ॲक्सिलरेटर सोडून नुसते ट्रेलरचे ब्रेक लावले, की ट्रेलर मागून ओढ देतो आणि ताणलेल्या दोरीसारखी सगळी जोडी सरळ होते. काकांनी ब्रेक सोडून लिव्हर दाबला. तीन-चार सेकंदच असतील, पण माझ्या सगळ्या सबमिशन्सपेक्षा लांब वाटले. झोके कमी झाले. गाडी सरळ झाली.

पुढचा एक्झिट येईपर्यंत आम्ही बैलगाडीच्या वेगाने गेलो. एका पेट्रोल पंपाच्या कडेला गाडी लागली. कोणी काही बोलेना. मग आजी हळूच म्हणाली, “गाडी उलाळ झाली होती रे. मला कालच दिसलं होतं.”

उलाळ! आजीचं माहेर शेतकऱ्याचं. बैलगाडीत मागच्या बाजूला ओझं जास्त झालं की पुढचा भाग वर उचलला जातो, जू वर जातं आणि बैलांचा गळा आवळतो. त्याला म्हणायचं गाडी उलाळ होणं. गाडीवान मग पोती पुढे सरकवतो. पुढेही फार नाही, नाहीतर सगळा भार बैलांच्या मानेवर. बघा, ‘१० ते १५ टक्के’ हा नियम आमच्या आजीच्या गावात आधीच होता, फक्त टक्क्यांत नव्हता!

“मग काल बोलली का नाहीस, आई?” काकांनी विचारलं.

“तुमच्या अमेरिकेच्या गाड्या. मला बाईला काय कळतंय, म्हटलं.”

म्हणजे माझ्याकडे समीकरण होतं, शब्द नव्हता. आजीकडे शब्द होता, समीकरण नव्हतं. दोघींना कळलं होतं आणि दोघीही गप्प बसलो. एक लहान म्हणून, एक म्हातारी म्हणून. बोललं कोण? जो कोणाला विचारत बसला नाही तो.

तिथेच आजीच्या देखरेखीखाली गाडी पुन्हा भरली. टाकीतलं पाणी सोडून दिलं, सायकली उतरवून आत अ‍ॅक्सलच्या पुढे ठेवल्या, क्रेट आणि तांदूळही पुढे. काका गाडीवानाच्या हाताखालच्या पोऱ्यासारखे निमूट पोती उचलत होते. मला त्यांचं फार कौतुक वाटलं. बावीस वर्षांचा अनुभव बाजूला ठेवून आईचं ऐकणं सोपं नसतं.

पुढच्या दोन दिवसांतही फजित्या झाल्याच. कॅम्पवर रिव्हर्स घेताना काका स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचे, ट्रेलर डावीकडे जायचा. अर्धा तास हा तमाशा चालला. शेवटी काकांनी शेजारच्या एका आजोबांना सरळ विचारलं. ते म्हणाले, हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरा. मग ट्रेलर ज्या बाजूला न्यायचाय त्या बाजूला हात न्या. पाच मिनिटांत काम झालं!

दुपारी एसी, मायक्रोवेव्ह आणि चहाची इलेक्ट्रिक किटली एकदम लावली आणि अंधार. ३० अँपिअर गुणिले १२० व्होल्ट म्हणजे ३६०० वॅट. ती तीन उपकरणं मिळून साडेचार हजारांच्या घरात. हॉस्टेलमध्ये पहाटे सगळ्यांनी एकदम कॉइल लावल्यावर काय होतं, ते मी काकूंना समजावून सांगितलं (रेक्टर सरांनी हे वाक्य वाचू नये). रविवारी श्रीखंड आंबलं, कारण ट्रेलर तिरका उभा होता. त्यातला फ्रीज व्हेपर अ‍ॅब्सॉर्प्शनचा. त्यात कॉम्प्रेसर नसतो, आतलं द्रावण गुरुत्वाकर्षणाने वाहतं, म्हणून ट्रेलर लेव्हलमध्ये असावा लागतो. हे मी ओरलला घडाघडा सांगितलं होतं. पण स्पिरिट लेव्हल आणा म्हणून सांगितलं? छे. तिरका ट्रेलर बघून पुन्हा गप्पच!

परत निघताना काकांनी नवा नियम केला. चेकलिस्टची एक-एक ओळ एकेकाने मोठ्याने वाचायची, सुरुवात सर्वांत लहानाने करायची, आणि कोणाचाही ‘थांबा’ आला की गाडी हलणार नाही. पिल्लूने वाचलं, मी वाचलं, आजीने तिच्या भाषेत वाचलं: “ओझं धुरेवर आहे, उलाळ नाही. चला!” येताना ट्रेलर एकदाही झुलला नाही.

आता मुद्द्यावर येते. हा काही नुसता प्रवासवर्णनाचा लेख नाही. मला असं वाटतं, की आपल्याकडे ज्ञान कमी नाही. ते बोलायची सवय कमी आहे. फळ्यावर मायनसचा प्लस झालेला साठ जणांना दिसतो आणि साठही जण तो वहीत उतरवतात. वर्कशॉपमध्ये कोणीतरी लेथच्या चकमध्ये किल्ली तशीच ठेवून स्विचकडे हात नेतो आणि शेजारचा ‘त्याचं तो बघेल’ म्हणतो. हॉस्टेलच्या गीझरची उघडी वायर अख्ख्या मजल्याला पाठ असते, पण तक्रारवहीत ओळ नसते. आणि वर आपण म्हणतो, मला माहीत होतं! माहीत होतं पण बोललो नाही, याचे मार्क शून्य. खरं तर शून्याच्याही खाली.

हे फक्त आपलंच दुखणं आहे असं नाही. २७ मार्च १९७७ ला कॅनरी बेटांवरच्या टेनेरिफ विमानतळावर धुक्यात दोन जम्बो जेट धावपट्टीवर एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. उड्डाण घेणाऱ्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली होती, की दुसरं विमान अजून धावपट्टीवरच तर नाही ना? कॅप्टन फार सीनिअर होता. त्याने ठासून उत्तर दिलं आणि विषय तिथेच संपला. अशा अपघातांनंतर विमान कंपन्यांनी एक ट्रेनिंगच सुरू केलं, क्रू रिसोर्स मॅनेजमेंट. त्यात ज्युनिअरला बोलायला शिकवतात आणि कॅप्टनला ऐकायला शिकवतात. दोन्ही शिकवावं लागतं, हे महत्त्वाचं.

माझी रूममेट म्हणाली, “आणि आपणच चुकीचे असलो तर?” असू देत ना! दोन मिनिटं वाया जातील, थोडं हसं होईल. आणि बोलणं म्हणजे उर्मटपणा नव्हे. “काका, वजन मागे जास्त होतंय का?” एवढा प्रश्न पुरला असता. “सर, इथे मायनस येईल का?” यात अपमान कुठे आहे? शिक्षकवर्गालाही एक नम्र विनंती: असा प्रश्न आला की एकदा फळ्याकडे वळून बघा. प्रश्न चुकीचा असला तरी विचारणाऱ्याला खाली बसवू नका. पुढच्या वेळी त्याचंच बरोबर असेल आणि तो बोलणार नाही.

आजीने परवा फोनवर विचारलं, “काय गं, कॉलेजात बोलतेस की नाही?” मी म्हटलं, “लिहितेय.” ती म्हणाली, “लिहून काय होतंय? बोल.”

बघा पटतंय का. नाही पटलं तर येऊन सांगा, पण सांगा!

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, मेकॅनिकल