नेट बंद, ग्रुप ॲडमिन, फार्मर आयडी : हा कायदा आपल्या पोरांनी शिकायचा की नाही?

१२ आणि १३ नोव्हेंबर २०२१ ला अमरावती शहरात दंगल झाली. संचारबंदी लागली आणि मोबाईलचं इंटरनेट बंद झालं. अफवा पसरू नये म्हणून नेट बंद करतात, हे सगळ्यांना समजते. पण नेटसोबत फोनवरून पैसे देणं-घेणं थांबते, पोराचा ऑनलाईन फॉर्म अडकते, बाजारभाव दिसत नाही. नेट बंद करायचा अधिकार कोणाचा, किती दिवसांचा आणि तो आदेश वाचायला कुठं मिळते, हे गावातल्या किती जणांना सांगता येईल?

उत्तर कायद्यात आहे. १० जानेवारी २०२० ला सुप्रीम कोर्टाने काश्मीरच्या नेटबंदीच्या खटल्यात सांगितलं, की असा आदेश लपवून ठेवता येत नाही, तो जाहीर करावाच लागते. बंदी गरजेपुरतीच असावी, बेमुदत नको. पुढे २०२३ चा नवा दूरसंचार कायदा आला आणि २०२४ मध्ये त्याचे नियम आले. त्यानुसार आदेश साधारणपणे केंद्राचे किंवा राज्याचे गृह सचिव काढतात. एक आदेश जास्तीत जास्त १५ दिवस चालते आणि समितीला तो तपासावा लागते.

या विषयाला विद्यापीठात दळणवळणाचा कायदा आणि तंत्रज्ञान धोरण म्हणतात. नाव जड आहे, पण विषय रोज आपल्या हातातल्या मोबाईलचाच आहे.

ॲडमिनला जेल होते का?

गावात ग्रुपवर वादाचा मेसेज पडला की पहिला धाक ॲडमिनला बसते. "मले तर बाप्पा ॲडमिनच नको," असं म्हणून लोक बाहेर पडतात. गोंदिया जिल्ह्यातलं असंच एक प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं. मार्च २०२१ मध्ये कोर्टाने निकाल दिला, की सदस्याने टाकलेल्या मेसेजसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. दोघांचा मिळून तसा इरादा होता, हे दाखवावं लागते. अमरावती आणि अकोला याच खंडपीठाखाली येतात. म्हणजे हा निकाल थेट आपल्या कामाचा आहे.

त्याआधी नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती. एकीने ती लिहिली होती, दुसरीने फक्त लाईक केली होती. ते पाहून श्रेया सिंघल ही विशीतली मुलगी सुप्रीम कोर्टात गेली. तेव्हा ती वकीलसुद्धा झाली नव्हती. २४ मार्च २०१५ ला कोर्टाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ रद्द केलं.

हरिसालचा धडा

मेळघाटातलं हरिसाल २०१६ मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. राज्य सरकारसोबत मायक्रोसॉफ्ट कंपनी होती. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी त्याच हरिसालचा व्हिडिओ सभेत लावला आणि गावात सांगितलं तसं काही नाही, असा आरोप केला. सत्ताधाऱ्यांनी तो खोडून काढला. राजकारण तापलं आणि विझलं. धारणी-चिखलदऱ्याच्या कित्येक गावांत रेंजसाठी टेकडी चढणं मात्र सुटलं नाही.

खरा प्रश्न धोरणाचा होता. हवेतल्या लहरी जनतेची मालमत्ता आहे, असं सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच सांगितलं आहे. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातला ५ टक्के हिस्सा मागास भागात सेवा पोहोचवायच्या निधीत जाते. आधी त्याला युनिव्हर्सल सर्व्हिस निधी म्हणत, आता डिजिटल भारत निधी म्हणतात. जंगलात टॉवर उभारायचा तर वनविभागाची परवानगी लागते. निधी कुठून मिळते, परवानगी कुठं अडली, अर्ज कोणाकडे द्यायचा, हे जाणणारा माणूस गावात असला तर निवेदनात वजन येते. नुसतं "टॉवर द्या" म्हणून भागत नाही.

फार्मर आयडी आणि आपली माहिती

ई-पीक पाहणी २०२१ पासून मोबाईलवर आली. २०२५ पासून शेतीच्या योजनांसाठी फार्मर आयडी लागते. आधार, सातबारा, वावरातलं पीक, सगळं एका नंबरला जोडलं. कास्तकाराचं काम त्यानं सोपं होऊ शकते. पण ही माहिती कोण पाहते आणि कशासाठी वापरते?

त्यासाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य बंधनं १८ महिन्यांनी, म्हणजे २०२७ मध्ये लागू होतील. चूक करणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. संमती मागणारी सूचना मराठीत मिळायची सोयही त्यात आहे. पण अनुदान किंवा लाभ देण्यासाठी सरकारला काही अटींवर नव्याने संमती न घेता माहिती वापरता येते.

याच कायद्याने माहिती अधिकार कायदाही बदलला आणि तो बदल आधीच लागू झाला. आता "ही वैयक्तिक माहिती आहे" म्हणून घरकुलाची किंवा अनुदानाची यादी नाकारणं सोपं झालं. तरी कलम ८(२) शिल्लक आहे. जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. अर्जात हे कलम लिहायचं कसं, हे शिकलेल्यालाच सुचते.

शिकायचं कुठं?

बारावीनंतर ५ वर्षांचा विधी अभ्यासक्रम आहे. कोणतीही पदवी झाल्यावर ३ वर्षांची एलएलबी करता येते. त्यासाठी खुल्या वर्गाला पदवीत ४५ टक्के गुण लागतात. नागपूर, मुंबई आणि छत्रपती संभाजीनगर इथं महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत. तिथं पदवीला जायचं तर क्लॅट परीक्षा द्यावी लागते. ती फक्त इंग्रजीत होते आणि वर्षाची फी लाखांवर जाते. राज्याची एमएच-सीईटी मात्र मराठीतही देता येते आणि तिच्यावर अमरावती-अकोल्याच्या विधी महाविद्यालयांचा रस्ता खुला होते.

अडचण इथंच आहे. नेटचे नियम दिल्लीत इंग्रजीत लिहिले जातात, ते शिकवणाऱ्या नामवंत संस्थांचा दरवाजा इंग्रजीत उघडते आणि त्याचे परिणाम मराठी माणसाच्या वावरापर्यंत येतात. शिकून मोठं झालेलं पोट्टं पुण्या-बंगळुरूला कंपनीत जाईल, ही भीतीही खोटी नाही. माहितीचा नवा कायदा आल्याने कंपन्यांना असे लोक लागणारच. मग गावाला काय उरणार?

पापळसारख्या खेड्यातून निघालेले पंजाबराव देशमुख विलायतेत बॅरिस्टर झाले आणि परत आले. १९३२ मध्ये त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, पुढे देशाचे कृषिमंत्री झाले. प्रत्येकाकडून तेवढी अपेक्षा करता येत नाही. पण अमरावती-अकोल्याच्या विधी महाविद्यालयांनी हा विषय मराठीत नीट शिकवला, विद्यार्थ्यांना महिन्यातून एक दिवस ग्रामपंचायतीत बसवलं, तर माहितीचे अर्ज आणि टॉवरची निवेदनं तिथंच तयार होतील. त्याला मोठा निधी लागत नाही. महाविद्यालयाकडे तशी मागणी करणारा ग्रामसभेचा ठराव तरी आधी व्हायला पाहिजे.