संशयाचा फायदा कोणाला?

अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात ३ ऑक्टोबर १९९५ ला एक निकाल लागला. ओ. जे. सिम्पसन या माणसावर दोन खुनांचा आरोप होता. कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं. तालुक्याच्या गावी पेपरात, टीव्हीवर तेच चाललं होतं. आपल्याकडेही बोलणं सुरू झालं, "पैसेवाला होता, सुटला. कायदा पैशाचाच."

हे बोलणं खोटं नाही. पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं आपल्या पाड्यांच्या कामाचं आहे, म्हणून अमेरिकेच्या खटल्याला या अंकात जागा दिली.

आधी हकीकत. सिम्पसन काळा माणूस. त्यांच्याकडे चेंडू हातात धरून पळायचा फुटबॉल खेळतात, त्यातला मोठा खेळाडू. पुढे सिनेमात, जाहिरातीत आला. अमेरिकेत तेव्हा लहान पोरंही त्याला ओळखत. १२ जून १९९४ च्या रात्री त्याची घटस्फोट घेतलेली बायको निकोल आणि तिच्या ओळखीचा तरुण रोनाल्ड गोल्डमन यांचा तिच्या घराबाहेर सुऱ्यानं खून झाला. दोघंही गोरे. पोलिसांनी सिम्पसनला पकडलं. रक्ताचे डाग, हातमोजा, पायाचे ठसे असा पुष्कळ पुरावा आणला.

तिथे निकाल जज देत नाही. गावातल्या साध्या लोकांतून बारा जण निवडतात, त्याला ज्यूरी म्हणतात. या बारांत नऊ काळे होते, दहा बायका होत्या. त्यांना जवळजवळ नऊ महिने घरापासून तोडून हॉटेलात ठेवलं. शेवटी त्यांनी चार तासांच्या आत ठरवलं, गुन्हा शाबीत नाही.

असं का ठरलं? सिम्पसननं देशातले नावाजलेले वकील लावले, लाखो डॉलर ओतले. त्या वकिलांनी पोलिसांचा प्रत्येक कागद उलटा करून पाहिला. मग काय काय निघालं बघा. सिम्पसनच्या घराबाहेर रक्तानं भरलेला हातमोजा सापडला असं सांगणारा फौजदार मार्क फ्युरमन. त्यानं शपथेवर सांगितलं, मी दहा वर्षांत काळ्यांची ती घाणेरडी शिवी तोंडातून काढली नाही. नंतर टेपा निघाल्या. त्यात त्याच्याच तोंडून ती शिवी पुन्हा पुन्हा येते. परत कोर्टात बोलावून विचारलं, तू पुरावा पेरलास का? त्यावर तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. उत्तर न देण्याचा हक्क वापरला. दुसऱ्या एका तपास अधिकाऱ्यानं सिम्पसनचं काढलेलं रक्त लगेच जमा केलं नाही. बाटली घेऊन सिम्पसनच्या घरी गेला, तिथे तपास चालू होता.

आता सांगा, असं झाल्यावर बारा लोकांनी काय करायचं? सिम्पसननं खून केला की नाही, ते आपण इथे बसून ठरवू शकत नाही. पण एवढं दिसतं की पोलीस खोटं बोलला की खरा पुरावाही नासतो. दुधाच्या हंड्यात मिठाचा खडा पडला की सगळं दूध जातं, तसं. आणि त्या दोन मेलेल्यांच्या घरच्यांना शेवटी न्याय मिळत नाही. त्यांनी नुकसानभरपाईचा वेगळा दावा लावला होता.

निकाल लागला तेव्हा काळ्या वस्त्यांत लोक नाचले आणि गोरे हादरले. खून झालेला असताना नाचायचं काय, असं आपल्यालाही वाटतं. पण त्याच शहरात १९९१ च्या मार्चमध्ये रॉडनी किंग या काळ्या माणसाला पोलिसांनी रस्त्यावर पाडून काठ्यांनी झोडपलं होतं. कोणीतरी त्याची फिल्म काढली, सगळ्या जगानं ती पाहिली. तरी २९ एप्रिल १९९२ ला ते पोलीस सुटले. त्या ज्यूरीत एकही काळा नव्हता. शहर पेटलं, पन्नासाहून जास्त माणसं मेली. डोळ्यांनी दिसलेला मार ज्यांना कोर्टात शाबीत करता आला नाही, त्यांना या वेळी पोलीस तोंडावर पडलेला दिसला. ते नाचले ते बहुतेक त्याच्यासाठी.

पण त्यांनाही एक गोष्ट विचारली पाहिजे. सिम्पसनचा मोठा वकील जॉनी कॉक्रन. याच कॉक्रननं जेरोनिमो प्रॅट नावाच्या काळ्या कार्यकर्त्याचाही खटला लढवला होता. प्रॅट काळ्यांच्या हक्कासाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर संघटनेचा माणूस. त्याला १९७२ साली खुनासाठी जन्मठेप झाली. मुख्य साक्षीदार सरकारचा खबऱ्या होता आणि हे ज्यूरीपासून लपवलं, असं त्याची बाजू मांडणारे सांगत आले. प्रॅट १९९७ पर्यंत तुरुंगातच होता. वकील तोच, शहर तेच, कातडीचा रंगही तोच. एकामागे पैसा आणि नाव होतं, दुसऱ्यामागे चळवळ होती.

म्हणून आपण म्हणतो, सिम्पसनला संशयाचा फायदा मिळाला हे वाईट नाही. तो त्याला विकत घ्यावा लागला आणि गरिबाला मिळतच नाही, हे वाईट आहे.

हा फरक का सांगतो? कारण असा निकाल लागला की शहरातली शिकलेली माणसं लगेच म्हणतात, कायदा फार ढिला आहे, कडक करा, पुरावा एवढा कशाला मागता. हे ऐकायला बरं वाटतं. पण कडक कायदा येतो तेव्हा तो सिम्पसनच्या बंगल्यावर जात नाही. टाडा आठवा. १९९५ च्या मे महिन्यात त्याची मुदत संपली. त्यात पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा धरला जायचा. तो गडचिरोलीच्या आदिवासींवरही लागला.

आणि लांब कशाला? साध्या आरोपीला कोर्ट आधी निर्दोष धरतं, गुन्हा सरकारनं शाबीत करायचा. पण १९२७ च्या वन कायद्याचं कलम ६९ काय म्हणतं? जंगलातला माल सरकारचा की नाही असा प्रश्न उठला, तर उलटं शाबीत होईपर्यंत तो सरकारचाच मानायचा. म्हणजे डोक्यावर मोळी असलेल्या बाईनं शाबीत करायचं की लाकूड तिचं आहे. इंग्रज गेला, कलम राहिलं.

मग शाबितीचं ओझं कधीच फिरवू नये का? तसंही नाही. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात आपल्या एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याची केस झाली. हायकोर्टानं दोघा पोलिसांना शिक्षा दिली. १९७८ ला सुप्रीम कोर्टानं त्यांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे तिची मर्जी होती, असं धरलं. ठाण्यात, पोलिसाच्या ताब्यात, पोरीनं ओरडायचं कोणाला? १९७९ ला कायदा शिकवणाऱ्या चौघांनी कोर्टाला उघडं पत्र लिहिलं, बाया रस्त्यावर आल्या. १९८३ ला कायदा बदलला. ताब्यातल्या बाईनं मर्जी नव्हती म्हटलं, तर कोर्टानं ते धरून चालायचं. तिथे ओझं फिरवलं ते सत्तेवाल्यावर. कलम ६९ मध्ये फिरवलंय ते मोळीवालीवर. कोणताही निकाल, कोणताही नवा कायदा आला की हेच विचारायचं: पुरावा कोणाच्या हातात होता, आणि ओझं कोणाच्या डोक्यावर ठेवलं?

एक गोष्ट या सगळ्या गोंगाटात मागे पडली. १९८९ साली सिम्पसननं निकोलला मारलं होतं. पोलीस याआधीही कितीदा आले आणि नुसतं बोलून गेले, असं ती तेव्हा म्हणाली. कोर्टात त्यानं आरोप नाकारला नाही. तरी त्याला तुरुंग झाला नाही. मोठा माणूस, घरातलं भांडण, म्हणून सोडून दिलं. पाच वर्षांनी ती मेली. भावांनो, इथे अमेरिकेला हसू नका. आपल्या पाड्यावर बाईला मार पडतो तेव्हा पंच काय म्हणतात? "नवरा-बायकोचं आहे, मिटवून टाका." चळवळीत पुढे असलेल्या माणसाच्या घरात तसं झालं तर आपणही गप्प बसतो. तो माणूस आपल्या पाड्याचा सिम्पसनच असतो.

गावबैठकीत एवढं ठरवा:

कोऱ्या कागदावर अंगठा नाही, सही नाही. गार्ड असो की जमादार.

घराची झडती झाली तर घरवाल्याला तिथे उभं राहायचा हक्क आहे. जप्त केलेल्या मालाच्या यादीची नक्कल मागून घ्या. कोयता नेला, बैल नेला, तारीख आणि वेळ पोरांच्या वहीत त्याच दिवशी लिहा.

पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही. पण फॉरेस्टवाला पोलीस धरला जात नाही, त्याच्यापुढचा जबाब अंगावर येऊ शकतो. वाचून दाखवल्याशिवाय काही देऊ नका.

सेशन कोर्टात केस गेली आणि वकील करायची ऐपत नसली, तर सरकारी खर्चानं वकील द्यावाच लागतो. जजसाहेबांना उभं राहून तोंडानं सांगा.

बाईला मार पडला तर त्याच आठवड्यात बैठकीत नोंद करा, नवरा कोणी का असेना.

आपल्याकडे लाखो डॉलर नाहीत. वही आहे आणि दहा माणसं साक्षीला उभी राहू शकतात.