पाच हजार रुपये आणि एक खोटं वाक्य



गेला महिनाभर आमच्या घरी एकच विषय होता. विमान कंपनी पाच हजार रुपये देते म्हणते, ते घ्यायचे की नाही? यांचं मत, "घे आणि मोकळी हो." लेकीचं मत, "पन्नास हजारांशिवाय ऐकायचंच नाही." सासूबाई माळ जपता जपता दोघांचं ऐकत होत्या. शेवटी निर्णय झाला. तो तुम्हाला सांगावा असं वाटलं, कारण असा प्रसंग आता आपल्यातल्या कुणावरही येऊ शकतो.

आधी काय घडलं ते सांगते. फेब्रुवारीत मी आणि सासूबाई श्रवणबेळगोळला जाऊन आलो. परतीचं विमान बंगळुरूहून नागपूरला, दुपारी ३.२० चं. पाच-सव्वापाचला नागपूरला उतरायचं, नणंदेच्या घरी दिवसाउजेडी जेवायचं आणि मग समृद्धी महामार्गावरून गाडीने कारंजाला यायचं, असं ठरलं होतं. सासूबाईंचं वय ७४. सूर्यास्तानंतर त्यांना अन्न नाही, पाणीही नाही. हा नियम त्या तीस वर्षांपासून पाळतात. विमानात बसायचं ते दीड-पावणेदोन तास, म्हणून दशम्यांचा डबा मी मोठ्या बॅगेत टाकला आणि ती बॅग सामानात देऊन टाकली. ही माझी चूक.

साडेतीनला बोर्डावर आलं, पन्नास मिनिटं उशीर. चारला विचारलं तर आणखी पन्नास मिनिटं. पाचला विचारलं तरी तेच. प्रत्येक वेळी मी म्हणायची, "आई, केळी तरी आणू का?" आणि त्या म्हणायच्या, "राहू दे, आता बसूच. नागपूरला नीट जेवू." अशा करता करता सहा वाजून गेले. काचेपलीकडे सूर्य खाली गेला. त्यांनी पाण्याचा शेवटचा घोट घेतला आणि बाटली माझ्या हातात दिली.

साडेसातला खाण्याचे डबे वाटले. बटाट्याच्या कटलेटचं सँडविच, त्यात कांदा. आमच्या दोघींच्याही उपयोगाचं नाही. विमान सुटलं ते रात्री पावणेअकराला, म्हणजे सात तास पंचवीस मिनिटं उशिरा. ठरवलेला गाडीवाला वाट पाहून निघून गेला होता. नागपूरच्या विमानतळावर उतरताना सासूबाईंना चक्कर आली, मी धरलं म्हणून त्या पडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी डॉक्टर, रक्ताची तपासणी, नवी गाडी. सगळा मिळून खर्च ६,१५० रुपये.

मला राग उशिराचा आला नव्हता. यंत्र आहे, बिघडतं. राग आला तो त्या पन्नास मिनिटांचा. नंतर कंपनीच्याच पत्रात आलं की बिघाड दुपारी लक्षात आला होता आणि सुटा भाग दुसऱ्या शहरातून यायचा होता. म्हणजे रात्र होणार हे कुणाला तरी ठाऊक होतं. ते चार वाजता सांगितलं असतं तर मी फळं, दूध काहीतरी मिळवलं असतं आणि आई जेवून शांत बसल्या असत्या.

कंपनीचं पहिलं उत्तर आलं ते दिलगिरीचं, सोबत प्रत्येकी दीड हजाराचं व्हाउचर. मुदत सहा महिने. आम्ही दोघी सहा महिन्यांत कुठे विमानाने जाणार? दीड हजार वापरायला पदरचे चार हजार घालायचे, याला भरपाई कशी म्हणायची? डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची मोठ्या संख्येने उड्डाणं रद्द झाली, तेव्हाही ज्यांना फार त्रास झाला त्यांना १०,००० रुपयांची प्रवास-व्हाउचर देऊ केली होती, वर्षभराच्या मुदतीची. (आमची कंपनी ती नव्हे, आमचा प्रवासही वेगळा.) सतत फिरणाऱ्याला व्हाउचर चालेल. घर सांभाळणाऱ्या बाईला ते कपाटात पडून राहतं आणि एक दिवस मुदत संपते. म्हणून व्हाउचर नको, खर्च द्या, असं मी कळवलं. सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाकली, मग नोटीस पाठवली. तेव्हा पाच हजार रोख, बँकेत, असा प्रस्ताव आला.

या काळात नियम वाचले, तेही थोडक्यात सांगते. विमान रद्द झालं आणि वेळेत कळवलं नाही, तर डीजीसीएच्या नियमात प्रवासाच्या कालावधीप्रमाणे ५,००० ते १०,००० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातली कमी असेल ती रक्कम मिळते. नुसत्या उशिराला मात्र ठरलेली रोख भरपाई नाही. खाणंपिणं द्यायचं, आणि देशातल्या प्रवासात उशीर सहा तासांच्या वर जाणार असेल तर सहा तासांच्या आत दुसरं विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे, असा पर्याय द्यायचा. तो पर्याय आम्हाला कुणी सांगितलाच नव्हता.

कोर्टाचं म्हणणंही सरळ आहे. दिल्ली-हैदराबाद विमान डिसेंबर २००५ मध्ये धुक्यामुळे रखडलं, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०११ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की धुक्याच्या उशिराबद्दल कंपनीला दोषी धरता येणार नाही, पण अडकलेल्या प्रवाशांची सोय पाहणं तिचं कामच आहे. उलट २०१६ मध्ये अजमेर-जम्मू गाडी चार तास उशिरा पोचली आणि एका कुटुंबाचं श्रीनगरचं विमान चुकलं. त्यात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेला द्यायला लावलेली भरपाई कायम ठेवली, कारण उशीर का झाला हे रेल्वेला पटवून देता आलं नाही. म्हणजे उशीर आपल्या हातातला नव्हता हे दाखवणं त्यांचं काम.

आता पाच हजारांच्या कागदाकडे येते. त्यात लिहिलं होतं की ही रक्कम अंतिम, यापुढे आमचं काही मागणं नाही. ते ठीक. पण त्याखाली आणखी एक वाक्य होतं: प्रवाशांना वेळोवेळी योग्य माहिती देण्यात आली आणि सेवेत कोणतीही त्रुटी नव्हती, हे मला मान्य आहे.

हे म्हणाले, "कोण वाचतं ते? कर सही." मला ते पटेना. एका ओळीने काय होतं हे आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरात पूजेच्या वेळांचा समझोता १९०५ मध्ये झाला. त्यातल्या शब्दांवरून वाद उठले, ते लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. १९८१ पासून मंदिराचं दार बंद राहिलं ते मार्च २०२३ मध्ये उघडलं. कोण बरोबर ते मी इथे बोलत नाही. पण लहानपणी आम्ही बाहेरूनच दर्शन घेतलं आहे. कागदावरचा शब्द माणसांपेक्षा जास्त जगतो हे मी तिथे शिकले.

तर मी कागद बाजूला ठेवला आणि लेकीच्या सल्ल्याने ग्राहक आयोगात द्यायची तक्रार लिहायला बसले. मानसिक त्रासाचे पन्नास हजार. लिहिता लिहिता हात सैल सुटला. "सासूबाई विमानतळावर बेशुद्ध पडल्या" असं मी लिहिलं. रात्री त्यांना वाचून दाखवलं. त्या थांबवून म्हणाल्या, "मी बेशुद्ध कधी पडले गं?"

मी म्हटलं, "आई, असं लिहावं लागतं. त्याशिवाय कुणी लक्ष देत नाही."

त्या म्हणाल्या, "त्या बोर्डावर पन्नास मिनिटं लिहिणाऱ्यालाही असंच वाटलं असेल. खरं लिहिलं तर लोक ओरडतील. आणि हे बघ, गाडीचे, डॉक्टरचे पैसे माग. आपल्या कष्टाचे आहेत. पण माझ्या त्या रात्रीचे पैसे लावू नकोस. पाणी मी माझ्या नियमाने घेतलं नाही, त्यांनी हिसकावलं नाही. ते विकायचं नाही मला."

मी बराच वेळ काही बोलले नाही. त्यांच्या खोट्या वाक्यावर सही करणार नाही म्हणून मी बाणेदारपणे कागद परत ठेवला होता, आणि स्वतःच्या कागदावर दुसरं खोटं वाक्य लिहीत होते.

दुसऱ्या दिवशी कंपनीला पत्र लिहिलं. खर्च ६,१५०, पावत्या सोबत. ते शेवटचं वाक्य काढा, मी सही करते. नाही तर आयोगात जाईन. अकरा दिवसांनी नवा कागद आला. वाक्य काढलेलं होतं, रक्कम ६,१५०. मी सही केली. लेक अजून म्हणते, आई, तू स्वस्तात सोडलंस.

काही जणी म्हणाल्या, इतकं करायचंच कशाला? आपला धर्म क्षमेचा. मला हे मान्य नाही. क्षमा मनातल्या रागाला करायची असते. तिथे काउंटरवर उभी असलेली वीस-बावीस वर्षांची मुलगी, जिच्यावर सगळे ओरडत होते, तिच्याबद्दल माझ्या मनात आज काही नाही. तिचं नाव मी तक्रारीत घातलं नाही. पण हिशेब हिशेब आहे. किराणा दुकानात दहा रुपये कमी आले तर आपण परत मागतो, तेव्हा कुणी क्षमा आठवून देत नाही. मोठ्या कंपनीपुढे बोलायची भीती वाटते म्हणून गप्प बसायचं आणि त्याला उत्तम क्षमा म्हणायचं, हे स्वतःला फसवणं झालं.

आणि दुसरी बाजूही सांगते. माझा निर्णय हा सगळ्यांसाठी नियम नाही. उशिरामुळे कुणाच्या मुलीची परीक्षा बुडते, कुणाला वडिलांचं अंत्यदर्शन मिळत नाही. त्यांनी मनस्तापाची भरपाई मागितली तर त्यात लोभ नाही, कायदा तो हक्क देतो. सासूबाईंनी आपला त्रास हिशेबात धरला नाही, तो त्यांचा त्याग. दुसरीने तो करावा असं आपण म्हणायचं नाही.

अशी वेळ आलीच तर एवढं करा. बोर्डाचा, मेसेजचा फोटो वेळेसकट ठेवा. पावत्या ठेवा. व्हाउचर लगेच स्वीकारू नका, आधी मुदत बघा. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते, आणि २०१९ च्या कायद्याप्रमाणे ती आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, म्हणजे आपल्याला वाशिमलाच. बंगळुरूला जायला नको. तिकिटाची रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर शुल्कही लागत नाही. आणि सही करायच्या कागदाची प्रत्येक ओळ घरात मोठ्याने वाचा. आपण लिहिलेल्या कागदाचीही.

पैसे बँकेत आले त्या दिवशी सासूबाईंनी एकच विचारलं, "पुढच्या वेळी डबा कुठे ठेवशील?"

हातातल्या पिशवीत, आई. हातातल्याच पिशवीत.

जय जिनेंद्र.