आधी तोल, मग मोटर

तुम्ही कधी रिमोटचं विमान उडवलंय? मीही नाही. सल्ले मात्र जोरात देतो. परवा तेच अंगाशी आलं.

जामखेडचा माझा भाचा नववीत आहे. महिनाभर खपून त्याने फोमशीटचं विमान बनवलं. पंख मीटरभर लांब, २० सेंटीमीटर रुंद. पहिल्या दिवशी ते डगमगत उडालं आणि आडवं पडलं. फोन आला, "मामा, उडतंय पण नीट नाही." इकडे मी पुण्यात बसून निदान केलं : पॉवर कमी पडतेय! जाताना १३०० च्या जागी २२०० एमएएचची बॅटरी घेऊन गेलो. आपली नेहमीची सवय, सर्व्हर हळू चालतोय ना, मग रॅम वाढवा.

खर्ड्याच्या रस्त्याला एक माळ आहे. (हो, तेच खर्डा, जिथे १७९५ साली मराठ्यांनी निजामाला हरवलं.) बॅटरी नाकातल्या खोबणीत बसेना, म्हणून मी ती पंखाखाली रबरबँडने बांधली. विमान हातातून सुटलं, नाक वर केलं, क्षणभर हवेत उभं राहिलं आणि सरळ मातीत. प्रोपेलर तुटला, नाक चेपलं. पोरगं काहीच बोललं नाही. घरी आल्यावर ताईला एवढंच म्हणालं, "मला नाही जमणार हे." चूक माझी होती, आणि ती त्याने स्वतःच्या खात्यावर लिहून घेतली होती. ते फार लागलं.

रात्री जरा वाचलं. अशा साध्या विमानाचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर यावा लागतो. म्हणजे इथे ५ ते साडेसहा सेंटीमीटरवर. दोन बोटांवर पंख तोलून पाहिला तर आमचा तोल ९ वर! नाक थोडं जड असलं तर विमान सुस्त उडतं, पण सावरता येतं. शेपूट जड असलं की काठी उलटी तळहातावर उभी करण्यासारखं, नवशिक्याने तो नाद करू नये. शिवाय ७०-८० ग्रॅम वजन वाढलं की हवेत टिकायला वेगही जास्त लागतो. म्हणजे मी एका बॅटरीत दोन बिघाड आणले होते.

गंमत म्हणजे हे पोराला माहीत होतं. संक्रांतीला पतंग गोते खायला लागला की तो काय मोठा पतंग आणतो? मंगळसूत्र सैल-घट्ट करतो, एका बाजूला कलत असेल तर दुसरीकडे कागद चिकटवतो. मी विचारलंच नाही.

सकाळी वारा पडलेला असताना परत गेलो. जुनी बॅटरी नाकात, तोल साडेपाचवर. आधी मोटर बंद ठेवून, गवतावर, वाऱ्याच्या तोंडाला, सपाट फेक. नाक उचलून कोसळलं तर वजन पुढे, सूर मारला तर किंचित मागे. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने सुधारलं ते कळतच नाही. (ऑफिसात हे मी सगळ्यांना ऐकवतो.) पाचव्या फेकीला ते लांब, संथ तरंगत गेलं. मोटर लावल्यावर डावीकडे ओढत होतं. प्रोपेलर एका दिशेने फिरतो तेव्हा विमानाला उलट पीळ बसतो. मोटरच्या डाव्या स्क्रूंखाली एकेक वॉशर सरकवून तिचं तोंड जरासं उजवीकडे केलं.

चार मिनिटं उडालं. अजून एक भानगड आहे, विमान आपल्याकडे येत असलं की डावं-उजवं उलटं होतं. त्यात तो दोनदा चुकला, पण उंची होती म्हणून निभावलं. "मामा, तुम्ही घेता का रिमोट?" म्हणाला. मी नको म्हटलं.

नवी बॅटरी ताईने डब्यासोबत परत माझ्या बॅगेत भरून दिली.