शेवटचा अंतरा गाळू नका



मागे एका जयंतीला आमच्या वस्तीत गायन पार्टी आली होती. मंडप भरला होता. आयाबाया पोरांना मांडीवर घेऊन पुढे चटईवर बसल्या होत्या. एका तरुण गायकाने वामनदादा कर्डकांचे गाणे धरले. आवाज खणखणीत, ढोलकीही कडक. तीन अंतरे झाले आणि चौथ्याला फाटा देऊन त्याने एकदम पुढचे गाणे उचलले. टाळ्या पडल्या. पण आमच्या शेजारी बसलेल्या एक आजी पुटपुटल्या, "अरं, नाव तर घेतलंच नाही त्यानं!"

आजी शाळेत गेलेल्या नव्हत्या, पण त्यांनी नेमके वर्म सांगितले. आपल्या शाहिरांची रीतच अशी, की शेवटच्या कडव्यात कवी आपले नाव गुंफतो. संतांनी अभंगात गुंफले, तमासगीरांनी लावणीत गुंफले, वामनदादांनी भीमगीतात गुंफले. ज्याच्याजवळ छापखाना नाही, वकील नाही, रॉयल्टीचा कागद नाही, त्याचा सातबारा म्हणजे तो शेवटचा अंतरा. तो गाळला की गाणे बेवारस होते. मग कुणीही यावे आणि आपले नाव चिकटवावे.

वामनदादा किती कष्टाने त्या अक्षरांपर्यंत पोहोचले, हे नव्या मुलांना ठाऊक असायला हवे. १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात देशवंडी गावी त्यांचा जन्म झाला. गावात गुरे राखली. आईबरोबर मुंबईला आले, गिरणीत राबले, कोळशाच्या वखारीत घाम गाळला. शिवडीच्या बी. डी. डी. चाळीत असताना एकाने गावाकडून आलेले पत्र वाचून दाखवायला त्यांच्या हातात दिले. दादांना अक्षर येत नव्हते. ती लाज त्यांच्या जिव्हारी लागली. देहलवी नावाच्या गुरुजींकडून त्यांनी मुळाक्षरे गिरवली, आणि रस्त्याने जाता-येता दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरे पक्की केली. १९४३ साली पहिले गाणे रचले. पुढे त्यांची गाणी इतकी झाली, की मोजणारे थकले. पहिला संग्रह 'वाटचाल' १९७३ मध्ये निघाला, म्हणजे गाणे सुरू झाल्यावर तब्बल तीस वर्षांनी! तोवर गाणी राहिली कुठे? तुमच्या-आमच्या आयांच्या ओठांवर आणि गायन पार्ट्यांच्या वह्यांत. १५ मे २००४ रोजी दादा गेले. शेवटच्या अंतऱ्यात ते अजून आहेत. आपण गायले तरच.

दुसरी आठवण भीमराव कर्डकांची. आडनाव एक, जिल्हाही नाशिकच. पण वामनदादांच्या आधीच्या पिढीचे. तमाशाचा बाज घेऊन, त्यातला चावटपणा काढून टाकून त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी जलसे उभे केले. शाळेत पोरे घाला, मेलेली ढोरे ओढू नका, माणसासारखे जगा, हे जिथे पुढारी पोहोचत नव्हता आणि छापील कागद कुणी वाचत नव्हते, तिथे गाण्याने आणि बतावणीने सांगितले. दिवसभर राबायचे, रात्री गावोगाव पायपीट करायची. भीमरावांनी आणखी एक शहाणपण केले. म्हातारपणी बसून 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक लिहून ठेवले. ते लिहिले नसते, तर त्या जलशांतला कितीतरी तपशील त्यांच्याबरोबरच गेला असता.

तिसरी आठवण विलास घोगरे यांची. मुंबईत मुलुंडच्या झोपडपट्टीत राहणारा हा पहाडी आवाजाचा शाहीर. कामगारांच्या, झोपडीवाल्यांच्या सभेत गायचा. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसे मेली. तो घाव विलासला सोसला नाही. १५ जुलैला त्याने आपल्या झोपडीतच जीवन संपवले. ही वाट कुणी धरू नये. दुःख डोईजड झाले तर शेजाऱ्याचे दार ठोठवावे. पण त्याचा आवाज उरला, कारण आनंद पटवर्धनांनी १९८५ च्या 'हमारा शहर' या माहितीपटात तो टिपून ठेवला होता. पुढे चौदा वर्षे खपून त्यांनी 'जयभीम कॉम्रेड' केला आणि तो आवाज पुन्हा घरोघर पोहोचला.

पाहा, तिघे तीन प्रकारे वाचले. एक शेवटच्या अंतऱ्यामुळे, एक पुस्तकामुळे, एक कॅमेऱ्यामुळे. पण ज्यांच्या वाट्याला यातले काहीच आले नाही त्यांचे काय? पेटीवाला, ढोलकीवाला, बेंजोवाला, मागे उभे राहून झील धरणारे? त्यांना ना अंतरा, ना पुस्तक.

आमच्या चाळीत एक ढोलकीवाले होते. सारे त्यांना 'मास्तर' म्हणत. सकाळी झाडूखात्यात हजेरी, रात्री कार्यक्रम. पहाटे घरी यायचे, बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या असायच्या, आणि तसेच कामावर जायचे. बिदागी कधी मिळे, कधी नुसता हार आणि नारळ. मास्तर वारले, तेव्हा शोकसभेच्या फळ्यावर नाव लिहायला आम्ही खडू उचलला आणि हात थांबला. पंचवीस वर्षे एका नळावर पाणी भरले, पण त्यांचे पूर्ण नाव आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हते. शेवटी आत जाऊन त्यांच्या घरच्या बाईंना विचारावे लागले. रडत्या बाईला नवऱ्याचे नाव विचारायचे! ती शरम आम्ही अजून विसरलो नाही.

म्हणून या सदरातून हात जोडून मागणे आहे. घरातल्या माळ्यावर जुन्या कॅसेटी असतील. बुरशी लागण्याआधी खाली काढा. घरातल्या एखाद्या मुलाला सांगून त्या मोबाईलमध्ये उतरवून घ्या. वेष्टनावर गायकाचे नाव असेल. पेटी कुणाची, ढोलकी कुणाची, हे आजी-आजोबांना विचारून एका वहीत लिहा. गाव, नोकरी, साल, जे आठवेल ते. तुमचे वडील, मामा, आत्या कधी कोरसात उभे राहिले असतील तर त्यांचेही नाव लिहा. 'ते काय मोठे कलावंत नव्हते' असे म्हणू नका. कोरस नसता तर मोठ्याचा आवाज मंडपाच्या बाहेर गेला नसता.

आणि गायक बंधूंनो, येत्या जयंतीला वेळ कमी पडला तर एखादे गाणे कमी म्हणा, पण शेवटचा अंतरा गाळू नका. कार्यक्रम संपला की माईकवरून साथीदारांची नावे घ्या, आडनावासकट. पुढे चटईवर बसलेल्या आजींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

जयभीम!